शेवटच्या बांधीचे पाणी

आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी समोर बसवून कधी उपदेश केला, असे आम्हा भावंडांपैकी कुणालाच आठवत नाही. चुलत, आत्ये, मामे अशी आम्ही सगळी आता पन्नाशी-साठीला आलो. कुणी गोंदियात, कुणी नागपुरात, एक बहीण बालाघाटकडे दिलेली. लग्नकार्याला जमलो की जेवणे आटोपल्यावर गप्पा आपोआप गावच्या घराकडे वळतात. आबाजी, आजी, मोठी फुफाबाई म्हणजे आत्या, आणि आमच्याकडे सालदारीत, वर्षाच्या करारावर शेतात राबत, आयुष्य काढलेले बाबा, ही चार माणसे त्या गप्पांमध्ये अजून नांदतात. त्यांनी तुम्हाला काय शिकवले, असे हल्ली आमची मुले विचारतात. त्यांना वहीत उतरवून घेता येतील अशी चार वाक्ये हवी असतात. आमच्यापाशी वाक्ये थोडी आणि कामे फार. त्या पिढीने जे सांगितले ते काम हातात देऊन सांगितले.

गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, नवेगावबांधच्या बाजूचे. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. वर जंगल, त्याच्या पायथ्याशी तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, अशी आमच्याकडच्या बहुतेक गावांची ठेवण. हे तलाव कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधले. खुद्द नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ पडले. त्याचेच पुढे ‘मामा तलाव’ झाले. मालगुजार गेले तरी पाणी कुणाला आधी आणि कुणाला नंतर, ही रीत मात्र गावाने पुष्कळ वर्षे सांभाळली. आमचे पहिले शिक्षण त्या रीतीत झाले.

धानाचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. धुऱ्याला, म्हणजे मधल्या बांधाला, खाच पाडली की वरचे पाणी खाली जाते, चिखलाचा गोळा थापला की थांबते. वरच्या शेतकऱ्याने मनात आणले तर खालचा कोरडा राहतो, त्यासाठी भांडणसुद्धा करावे लागत नाही. पाऊस नीट असला तर ही गोष्ट ध्यानातही येत नाही. पण हस्ताने दगा दिला, धान पोटरीवर आला आणि जमिनीला भेगा पडू लागल्या की गावाची झोप उडायची. निसवण्याच्या वेळी चार-आठ दिवस पाणी तुटले तर लोंब पांढरी पडते, वर्षाची मेहनत तणसावर जाते. अशा वेळी तलावाचे पाणी सोडायचे आणि माणसे रात्रभर धुऱ्यावर उभी राहायची.

आमच्या बांध्या मधल्या टप्प्यात होत्या. आबाजी कंदील देऊन आम्हा पोरांना आमच्या शेतावर न ठेवता थेट खाली, टोकाच्या बांधीवर पाठवायचे. ती बांधी आमची नव्हती. तिथे काठी रोवून बसायचे आणि पाणी घोट्यापर्यंत चढले की वर येऊन सांगायचे, एवढे काम. जाताना आमच्याच बांधीतल्या भेगा कंदिलाच्या उजेडात दिसायच्या आणि पोटात कालवायचे. थोरल्या भावाने एकदा विचारले, आपली आधी भिजवून घेतली तर काय बिघडेल? आबाजी म्हणाले, “बाबू, पयले सेवटच्या बांधीत पानी चढू दे, मंग आपली फोडजो.” त्याचे कारण त्यांनी पुढे उन्हाळ्यात दाखवले. वैशाखात पाळीवर माती टाकायला घरटी एक माणूस जायचे. टोकाच्या बांधीवाला आमच्या आधी येऊन टोपल्या उचलत होता. आबाजींनी त्याच्याकडे बोट केले. त्याला पाणी मिळाले नसते तर तो इथे कशाला आला असता, आणि तो आला नाही, त्याच्यासारखे दुसरे चार आले नाहीत, तर पावसाळ्यात पाळ फुटल्यावर त्याच्या आधी कुणाचे शेत वाहून जाते? आमचेच. दया, धर्म, पुण्य असला एकही शब्द त्यांनी काढला नाही. पाण्याचा हिशोब सांगितला. मला आजही वाटते, सार्वजनिक गोष्ट कशी टिकते याचे इतके नेमके उत्तर मी पुढे कुठल्याही पुस्तकात वाचले नाही.

आजीचे राज्य ढोलीपाशी. ढोली म्हणजे बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली धान्याची मोठी कणगी. खायच्या धानाची ढोली वेगळी, बियाण्याची वेगळी. चुरणा म्हणजे मळणी झाल्यावर बियाण्यासाठी निवडलेल्या लोंब्यांचा धान ती दोन-तीन उन्हे देऊन वाळवायची, दाताखाली धरून बघायची. कट् आवाज आला तरच ढोलीत. मधे कडुनिंबाचा पाला, वरून तोंड लिंपून बंद. वाणांत चिन्नोर थोडा, लुचई जास्त, हलका आणि भारी धान निरनिराळा ठेवलेला. एके साली धान फारच कमी झाला. उन्हाळ्यातच खायची ढोली तळाला गेली आणि घरात कण्यांची पेज सुरू झाली. धाकट्या काकांनी बियाण्याच्या ढोलीचा विषय काढला. आजीने मान वरही केली नाही. “बिजाले हात लावला त पुढचा साल खाल्ला समज.” मग ती शेजारी गेली आणि दोन कुडो, म्हणजे दोन मापे, धान उसना आणला. स्वतःच्या घरात धान असताना उसने मागायला गेलेली बाई आम्ही त्या दिवशी पाहिली. आज दरवर्षी दुकानातून पिशवीतले बी आणतो. त्याला उतारा जास्त, हे खोटे नाही. पण लुचई आमच्या घरातून गेली ती परत आली नाही.

लाखोरीचे, म्हणजे लाखेच्या डाळीचे, प्रकरण असेच. धान कापायच्या आधी ओलीवर लाखोरी, जवस फेकून पेरायचे, नांगरट नाही, पाणी नाही, थंडीवर पीक येते. लाखोरीचे वडे आमच्याकडे सणाला हवेतच. पण आजी लाखोरी गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्याशिवाय चुलीवर चढवत नसे, आणि लागोपाठ दोन दिवस ती करत नसे. विचारले तर म्हणायची, नुसती लाखोरी खाणाऱ्याचे पाय जातात. टंचाईच्या काळात ज्यांच्या वाट्याला तिच्याशिवाय काही आले नाही, ती माणसे लुळी पडलेली तिने पाहिली होती. लाखोरीतल्या विषारी घटकाचे नाव तिला ठाऊक नव्हते. पण भिजवून पाणी टाकल्याने तो घटक कमी होतो, हे शास्त्रज्ञही सांगतात. महाराष्ट्रात १९६१ पासून लाखोरीच्या विक्रीवर बंदी होती. त्या बंदीविरुद्ध नागपूरच्या शांतीलाल कोठारींनी किती उपोषणे केली! आमच्या घरात त्या सगळ्या काळात लाखोरी शिजत होती, आजीच्या पद्धतीने. जुन्या माणसांचे म्हणणे सरसकट खरे मानू नये आणि सरसकट उडवूनही लावू नये, ते का म्हणतात ते विचारावे. आजीला विचारले की ती सांगायची, हा तिचा मोठेपणा.

रानाच्या बाबतीत आबाजींचे गुरू दुसरेच होते. गुरे राखणारे, मासे धरणारे धिवर, मोहफुले वेचणाऱ्या गोंड बायका. दुसऱ्याच्या मोहाखालचे फूल उचलायचे नाही, झाडाखाली पहाटे कुणी आलेले नसले तरी. बांधीत सारसाच्या जोडप्याने घरटे घातले तर तेवढा तुकडा निंदायचा नाही, तिकडून वाटही काढायची नाही. थोडा धान तुडवला जातो, जाऊ द्या. आज महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यात आणि लगतच्या भागात, तो अशा न निंदलेल्या तुकड्यांमुळेही उरला असेल. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते. तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची किती माहिती घेतली, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. शिकलेल्या साहेबाने गावच्या जाणत्या माणसाबरोबर बसून ऐकून घ्यावे, याचे आमच्या आबाजींना फार अप्रूप. आम्हा शहरात शिकणाऱ्या पोरांना ते मुद्दाम सांगायचे.

फुफाबाई लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. ती बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पाने, आणि बोटे चालू. बोलताना, रागावताना, आमचे पाढे ऐकतानाही बोटे थांबत नसत. संध्याकाळी बिड्या देताना छाट निघायची. वाकडी, सैल बिडी बाजूला, तिचे पैसे नाहीत. म्हणून ती आम्हा मुलींना मोजायला बसवायची आणि छाट आधी घरीच काढून ठेवायची. “दुसऱ्याने काढली त तो म्हनल तेवढी,” असे म्हणायची. त्या पैशांतून तिने पोस्टात खाते काढले होते. पासबुक पत्र्याच्या पेटीत, किल्ली कमरेला. माझ्या दोन चुलत बहिणी गोंदियाच्या कॉलेजात शिकल्या त्या फुफाबाईच्या पासबुकावर. पाचही बोटांची कातडी झिजून गुळगुळीत झालेला तिचा हात त्या दोघी अजून वर्णून सांगतात, आणि दोघींचीही स्वतःच्या नावाची खाती आहेत, नवरे चांगले असूनही.

सगळेच घेण्यासारखे होते असे मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, दिवस आले की घर पाहुण्यांनी भरायचे. माहेरवाशिणी, जावई, त्यांच्याबरोबर आलेले आणखी कुणी. रात्रभर नाटक नाहीतर दंडारीचे लोकनाट्य, पहाटे परत आलेल्या माणसाला गरम भात मिळायचाच. आलेल्याला उपाशी झोपवायचे नाही, हा घराचा कायदा. तो कायदा चालायचा तो सुनांच्या पोटावर. माझी आई आणि काकी मंडईच्या दिवसांत दुपारी चारला जेवायच्या, उरले असेल ते. ‘घरच्या बाईने शेवटी जेवावे’ हीसुद्धा शिकवणच होती, तीही तितक्याच निष्ठेने दिली गेली. आमच्या मुलींना ती द्यायची नाही, यावर आम्हा भावंडांत दुमत नाही.

आणि बाबा. सालदार. त्यांची कपबशी कित्येक वर्षे वळचणीला खोचलेली असायची. त्याच घरात शेवटच्या बांधीची काळजी होती आणि त्याच घरात ही कपबशीही होती. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब आंबेडकर उभे होते. बाबा तेव्हा तरुण होते, सभा ऐकायला गेले होते. बाबासाहेब ती निवडणूक हरले. पण बाबांनी हरल्याची गोष्ट आम्हाला कधी सांगितली नाही, सभेची सांगितली. दरवर्षी सालाचा हिशोब व्हायचा, इतक्या खंड्या धान, इतके उचललेले, इतके बाकी. आबाजी वही लिहायचे. बाबा ती वही माझ्या हातात द्यायचे आणि मोठ्याने वाचायला लावायचे. एकदा वाचून झाले की म्हणायचे, पुन्हा वाच. आबाजींवर त्यांचा अविश्वास होता असे नाही, आबाजींनाही ते कधी लागले नाही. लिहिलेले आपल्या कानांनी ऐकायचे, हा त्यांचा हक्क होता आणि तो ते दरवर्षी बजावायचे. “मी अंगठा देतो. तुमी सही करजा, पन वाचून करजा.” मी पुढे आयुष्यभर कागदांचीच नोकरी केली. न वाचता सही करताना हात अडखळतो तो बाबांमुळे.

ती कपबशी फुफाबाईने उतरवली. एके सकाळी इतर भांड्यांबरोबर घासली आणि मांडणीत ठेवली. आजी बघत होती, बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सपरीत, म्हणजे ओसरीत, बाबांना चहा दिला तो कुठल्या कपातून दिला हे कुणालाच ओळखता आले नाही. म्हातारी माणसेही शिकत होती, हे आम्हाला तेव्हा दिसले. इतक्या उशिरा का, हा प्रश्न आहेच आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नाही.

आता तलावात गाळ आहे, काठाला बेशरमाची झुडपे माजली आहेत. ज्याच्याकडे मोटार तो पाणी उचलतो, टोकाच्या बांधीवर कंदील घेऊन कुणी बसत नाही. काही गावांनी गाळ काढून, बेशरम उपटून तलाव पुन्हा उभे केले आहेत, त्यात धिवर समाजाच्या बायका पुढे आहेत. आमच्या गावातही बोलणे सुरू झाले आहे. मुलांना मी एवढेच सांगितले की वही घेऊन येऊ नका, ज्येष्ठात खारी, म्हणजे धानाची रोपे, टाकायच्या वेळी या. दोघे येतो म्हणाले. पुतणीची परीक्षा आहे, ती रोवण्याला येईल. पाळीवर फिरून तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, कुठे आहे, पाणी कुठून कुठे उतरते, ते आधी बघून घ्यावे लागेल. ढोली लिंपायचे काम मात्र चुरणा झाल्यावरच दाखवता येईल. शेणात माती किती धरायची हे आमच्यापैकी कुणाला नीटसे माहीत नाही. धाकट्या काकींना माहीत आहे. त्या नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येते, पण हात चालतात. पुतणीला त्यांच्याकडे दिवाळीच्या आधीच पाठवतो आहोत.