मॉडेल कोणत्या सालचे?

आमच्या जळकोटात 'मॉडेल' हा शब्द ट्रॅक्टरला लावतात. (सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गाच्या पुढे लागते ते जळकोट. लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट निराळे. हा खुलासा केल्याशिवाय आमच्या गावच्या माणसाला बोलणे पुढे नेताच येत नाही.) त्यामुळे माझी भाची मुंबईत मॉडेल झाली हे कळताच पारावरच्या आबांनी विचारले, "कुठल्या सालचं?"

आमच्या आईची काळजी वेगळी. "अंगभर कापडं असतात न्हवं?"

असतात. पण भाचीचा तो प्रश्नच नाही. ती फक्त हातांची मॉडेल आहे. जाहिरातीत साबण धरणारा, बांगड्या मिरवणारा, चहाचा कप पुढे करणारा जो हात दिसतो, तो पुष्कळदा तिचा असतो. चेहरा एका नटीचा आणि हात दुसरीचेच, हे ऐकून गाव गप्पच झाले. गणपतीच्या डोक्यानंतर असली अदलाबदल कुणी ऐकली नव्हती.

लोकांना वाटते, मॉडेलने नुसते उभे राहायचे आणि पैसे मोजायचे. त्यांनी एकदा नुसते उभे राहून दाखवावे! मी एकदा तिच्याबरोबर स्टुडिओत गेलो होतो. एक कप उचलायला सकाळचे दुपार झाली. कपातला चहा केव्हाच गार झालेला, वाफ कुठून तरी वेगळी सोडलेली. शेजारच्या सरबतात बर्फ होता तो प्लॅस्टिकचा. खरा बर्फ दिव्यांखाली टिकत नाही म्हणे. पलीकडच्या नटीचा ब्लाउज समोरून चापूनचोपून बसलेला आणि मागून चिमटेच चिमटे, जणू वाळत घातलाय. बाहेर आषाढाचा पाऊस आणि आत दिवाळी! त्या दिवाळीचे पैसे हातात पडले दिवाळीनंतर, तेही एजन्सीने आपला वाटा कापून.

1975 साली लिरिलच्या जाहिरातीत कॅरन लुनेल कोडाईकनालच्या धबधब्याखाली नाचली. ते पाहून आमच्या पिढीला वाटले, मॉडेल म्हणजे पगारी आंघोळ. ज्यांना अजून तसे वाटते त्यांनी पावसाळ्यात नळदुर्ग किल्ल्यातल्या नर-मादी धबधब्याकडे बघावे, आणि त्याच्याखाली दहा वेळा हसत उभे राहण्याची नुसती कल्पना करावी.

गाव नाके मुरडते. मुरडणाऱ्यांच्या देव्हाऱ्यात रविवर्म्याची लक्ष्मी आहे. त्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या देवी घरोघर पोचल्या. त्या चित्रांसाठी बायका समोर उभ्या करीत असे तो. म्हणजे कुणीतरी बाई ताटकळली, तेव्हा आपल्या उदबत्तीची सोय झाली. तिला मात्र कुणी फूल वाहिल्याचे ऐकिवात नाही.

भाचीची खरी परीक्षा वेळा अमावस्येला होते. शेतात भज्जी, उंडे, आंबील, सगळ्या बायका राबतात आणि ही बाई हातमोजे घालून बांधावर. "शेफारली पोर," असे चार जणी तरी म्हणतात. पण विळीने बोट कापले तर महिनाभर काम नाही आणि मुंबईची खोली काही भाडे माफ करीत नाही. बहिणीच्या घरावर पत्रे जाऊन स्लॅब पडला तो याच हातांवर. बहीण हे शेजारणींना सांगत नाही. मुलगी 'कंपनीत' आहे एवढेच सांगते.

गेल्या वर्षी सोलापूरचे स्थळ आले. भाचीने चहा आणला. मुलाच्या आईने तिच्या हाताकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "मुलगी पसंत आहे. पण लग्नानंतर ते काम सोडावं लागंल. लोकांत हात दाखवत फिरायचं म्हणजे..."

भाची शांतपणे म्हणाली, "मामा, मुलगा काय करतो?"

"बँकेत कॅशियर आहे," मी म्हणालो. "नोटा मोजतो."

"मग आमचं दोघांचंही हातावरच पोट की!" ती म्हणाली. "त्यांनी सोडली, की मी सोडते."

उत्तर कळवतो म्हणून पाहुणे उठले. आमची आई तेवढी कपबशा आवरायला पुढे झाली आणि भाचीवर ओरडली, "तू हात लावू नकोस त्याला!"