साडीवरचा शर्ट

दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या दुकानात पुरुषांचे जुने शर्ट यायला लागायचे. आणायच्या मात्र बायका. चौकड्यांचे, उभ्या रेघांचे, लग्नात आहेर म्हणून आलेल्या कापडाचे, पोराच्या शाळेचे पांढरे. कुणाची बटणं गेलेली, कुणाचा मुंढा उसवलेला. वडील पायमशिनीवर वाकलेले असायचे. बाई शर्ट फळीवर टाकायची आणि सांगायची, "मामा, बाही आखूड करू नका बरं का. मनगटापर्यंत पायजे. पाचट लई चिरतंय."

वडील मान वर न करता विचारायचे, "कॉलर फाटलीय, काढून टाकू?"

"ऱ्हाऊ द्या की. मानंला लागती."

बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार तालुक्यातलं आमचं गाव. दिवाळीच्या आगेमागे ते निम्मं रिकामं व्हायचं. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असायची. मग एके रात्री ट्रक यायचा. बाजरीची पोती, भांडी, शेळ्या, लेकरं आणि एकेक कोयता त्यात चढायचा. आमच्याकडे कोयता ही मोजायची गोष्ट आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम म्हणतो, "माझ्याकडं बारा कोयते हाईत," तेव्हा तो चोवीस माणसांविषयी बोलत असतो. ऊस तोडायचा, सोलायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावरून गाडीत चढवायची. उसाच्या पानाची कड पात्यासारखी असते आणि त्याची कूस कातडीत रुतून बसते. म्हणून साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. कुणी सांगितलं, कुणी आधी घातला, याची नोंद कुठे नाही.

लहानपणी मला ते ध्यान विचित्र वाटायचं, आणि आपण त्यांचे शर्ट दुरुस्त करतो याची थोडी लाजही वाटायची. शहरातल्या मुलांचे बाप सफारी शिवत, आमच्याकडे ही फडाची धुणी. पुढे मास्तरकीला लागल्यावर वाचनाचं वेड लागलं आणि एकदा युरोपातल्या कपड्यांच्या इतिहासाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक हाती आलं. वाचता वाचता मला सारखा फळीवरचा तो शर्ट दिसू लागला.

सुरुवात मुंढ्यापासूनच करतो, कारण वडील म्हणत की ज्याला मुंढा जमला तो शिंपी, बाकीचे गोणपाट शिवणारे. लुगडं, धोतर, उपरणं यांना मुंढा नसतो. कापड विणकराच्या मागावरून जसं उतरतं तसं अंगाला गुंडाळलं जातं. पूर्वीच्या युरोपातही फार वेगळं नव्हतं. पैरणीसारखे सरळ शिवलेले ढगळ अंगरखे असत. चौदाव्या शतकात तिथल्या शिंप्यांनी कापडाला शरीराच्या गोलाईने कापायला सुरुवात केली. ब्रिटनीचा शार्ल द ब्लुआ हा सरदार १३६४ साली लढाईत मारला गेला. त्याचा म्हणून ओळखला जाणारा रेशमी अंगरखा फ्रान्समधल्या ल्याँच्या संग्रहालयात आहे. वीसपेक्षा जास्त तुकडे जोडून केलेला, ओळीने बटणं लावलेला, आणि खांद्यापाशी मोठा गोल मुंढा, छातीपर्यंत आत गेलेला. का, तर तलवार उगारताना अंगरखा कमरेतून वर ओढला जाऊ नये. नामदेवांनी समाधी घेतली ती परंपरेने १३५० साली. म्हणजे आमच्या कुळातला सर्वांत मोठा शिंपी पंढरपुरी पायरीखाली विसावला, साधारण त्याच सुमारास तिकडे कुणा अनाम शिंप्याने हात वर कसा करावा हा प्रश्न कात्रीने सोडवला. हे मी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग कोयत्याला बी तसाच मुंढा लागतो की." आणि खरंच, शर्ट नवऱ्याचा, म्हणून ढगळ, म्हणून त्यात हात मोकळा वर जातो. अंगासरशी शिवलेल्या ब्लाउजात तो जात नाही.

शर्टाची गंमत वेगळीच आहे. युरोपात शतकानुशतकं तो बाहेर दाखवायचा कपडा नव्हताच. आतला. मखमल, रेशीम, जर यांना धुणं परवडत नसे, म्हणून अंगाचा घाम शोषायला आत सुती किंवा तागाचा शर्ट. वरचा कपडा वाचवायचा म्हणून आतला मळवायचा. नुसत्या शर्टावर चारचौघांत येणं म्हणजे जवळजवळ उघडंच येणं. फडावर हे सगळं उलटं झालंय. इथे शर्ट वर आहे आणि तो वाचवतो ते आतलं: साडी आणि कातडी.

पण आतल्या शर्टाला बाहेर डोकवायची हौस फार. गळ्याशी आणि मनगटाशी त्याची झालर दिसू लागली, ती वाढत गेली, आणि सोळाव्या शतकात तिचं ताटाएवढं गोल कडं झालं. चित्रात पाहिलं तर मुंडकं परातीत ठेवल्यासारखं दिसतं. ते उभं राहावं म्हणून खळ हवी. १५६४ साली डिंगेन व्हान डेर प्लासे नावाची एक फ्लेमिश बाई लंडनला आली आणि कापडाला खळ कशी करायची हे पैसे घेऊन शिकवू लागली. असं कडं गळ्यात घालून नांगर धरता येत नाही, घास नीट तोंडात घालता येत नाही. तेच तर दाखवायचं होतं. मी काम करत नाही, माझं काम दुसरे करतात. पुढे कडं गेलं, पण पांढऱ्या कडक कॉलरचा तोरा तोच राहिला. आमच्या तहसील कचेरीत तो अजून भेटतो.

अशी कॉलर मिरवणाऱ्यांत पहिल्या एलिझाबेथ राणीचा नंबर फार वर. १५९८ साली पाऊल हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने तिला पाहिलं आणि तिचे दात काळे असल्याचं लिहून ठेवलं. कारणही दिलं: इंग्रज लोक साखर फार खातात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. मोती, खळ, गळ्याभोवतीचं शुभ्र कडं आणि आत साखरेने काळे झालेले दात. त्यानंतरच्या शतकांत त्या साखरेसाठी किती माणसं गुलाम म्हणून कॅरेबियन बेटांवर नेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि इकडे आमच्या गावची बाई फाटकी कॉलर शाबूत ठेवायला सांगते, कारण ऊस मानेला कापतो. कॉलरला मान सांभाळायचं खरं काम मिळालं ते इथे, साखरेच्याच कामावर.

समोरून वरपासून खालपर्यंत उघडणारा, बटणांचा शर्ट तसा अलीकडचा. लंडनच्या ऑल्डरमनबरीतल्या ब्राउन, डेव्हिस आणि कंपनीने तो १८७१ साली नोंदवला. त्याआधी शर्ट डोक्यातून घालत, आपल्या पैरणीसारखा. लेकराला पाजणाऱ्या बाईला बांधावर बसल्या बसल्या तो उघडता येतो, हे त्या कंपनीच्या स्वप्नातही नसेल. बटण उजव्या बाजूला असल्याने नवीन बाईची बोटं पहिले चार दिवस चुकतात, मग सरावतात. ज्यात बटण जातं ते काज, हा शब्द पोर्तुगीज. त्यांच्याकडे 'काझा' म्हणजे घर, आणि काजही तेच. बटणाचं घर. इस्त्री त्यांचीच, फीतही त्यांचीच. गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेले हे शब्द बालाघाटाचा डोंगर चढून आमच्या फळीवर कधी आले, कुणी मोजलंय?

आमच्याकडे युरोप आणखी एका वाटेने आला, वेष पालटून. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. आजोबा वकिलांच्या, कारकुनांच्या शेरवान्या शिवत. सगळे त्याला दरबारी, मोगली पोशाख समजत. पण शेरवानीची ठेवण एकोणिसाव्या शतकात घडली आणि तिच्या अंगात इंग्रजी फ्रॉक कोट आहे. वरची तांबडी रुमी टोपी तर आणखी लबाड. तुर्कस्तानच्या दुसऱ्या महमूद सुलतानाने १८२९ साली ती नोकरशाहीच्या डोक्यावर चढवली, आणि त्या टोप्यांचे मोठे कारखाने होते बोहेमियात, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या स्ट्राकोनित्से गावी. त्याच बोहेमियातून पोल्का नाच निघाला. १८४०च्या दशकात पॅरिस-लंडन त्याच्यावर खुळावलं आणि बायकांच्या एका घट्ट जाकिटाला तेच नाव मिळालं. माझ्या आत्याचं परकर-पोलकं त्या नाचाच्या पोटचं असावं, असं मानायचा मोह मला आवरत नाही. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. आमच्या घरात सांगतात की आजोबांचे आजोबा तिथे पडेल ते शिवायला जात आणि घरी येऊन म्हणत, गोरा माणूस कपडे घालत नाही, खोगीर घालतो.

बाईने पुरुषाचा कपडा घालणं ही युरोपात साधी गोष्ट नव्हती. जोन ऑफ आर्कला १४३१ साली जाळलं, तेव्हा तिच्यावरच्या आरोपांत पुरुषी कपडे हा एक होता. पॅरिसमध्ये १८०० सालच्या हुकुमाप्रमाणे बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांचा परवाना लागे. चित्रकार रोझा बोनर घोड्यांच्या बाजारात चित्रं काढायला जाई, तिने तो काढला होता. तो हुकूम मेल्यात जमा असल्याचं फ्रेंच सरकारने २०१३ साली सांगितलं. आणि इंग्लंडात विगनच्या कोळसा खाणींच्या तोंडाशी दगड निवडणाऱ्या बायका घागऱ्याखाली विजार घालत. त्यांची छायाचित्रं कार्डांवर छापून विकली जात. सभ्य लोक विकत घेत आणि सभ्य लोकच हळहळत. १८८७ साली त्यांचं काम बंद करण्याची भाषा निघाली, तेव्हा त्यांच्यातल्या काही जणी लंडनला जाऊन गृहमंत्र्यापुढे उभ्या राहिल्या. विजारीची लाज वाटणारे वेगळे होते, पोट भरणाऱ्या वेगळ्या.

आमच्या बायकांना परवाना कुणी मागितला नाही. फडात सगळं चालतं. पण तोच शर्ट घालून कुणी गावच्या पारासमोरून गेल्याचं मी पाहिलेलं नाही. ट्रक परतला की शर्ट बोचक्यात जातो. हल्ली मोठे कॅमेरे गळ्यात अडकवून लोक फडावर येतात. साडी, शर्ट, डोक्यावर मोळी, मागे सूर्य. फोटो सुंदर येतात. मला विगनची कार्डं आठवतात.

कपड्यांच्या त्या पुस्तकात एक प्रकरण कमरेवर होतं. देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालून केलेली कंचुकी, तिने कमर आवळायची, फासळ्यांनी कपड्याचं माप मानायचं. वाचताना कीव आली. मग आपल्याच जिल्ह्याचं आठवलं. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने इथल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा नको, खाड्याचा दंड नको, हेही त्यामागचं एक कारण. वडील कापड बेतताना म्हणायचे, माप अंगाचं घ्यावं, अंग मापाला कापू नये.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी गावी गेलो होतो. वडिलांचं दुकान आता नावापुरतं. तयार कपड्यांनी ते कधीच गिळलं. १८३१ साली पॅरिसमधल्या शिंप्यांनी तिमोनिए नावाच्या माणसाची शिवणयंत्रं मोडून टाकली, कारण ती यंत्रं त्यांच्या पोटावर येणार होती. ते ऐकून वडील हसले होते, त्यांचं सगळं आयुष्य यंत्रावरच गेलं ना. आता ऊस तोडायलाही यंत्र आलंय.

एक तिशीची बाई आली. हातात निळा शर्ट, बहुधा कारखान्याच्या कुणा वॉचमनचा. बटणं ठीक, बाह्या ठीक. तिने छातीवरच्या खिशावर बोट ठेवलं.

"मामा, ह्याला झाकण बसवा. मोळी उचलताना मोबाइल पडतो."

युरोपातल्या बायका अठराव्या शतकात घागऱ्याच्या आत कमरेला फितीने खिसे बांधत. शतक सरता सरता झगे अरुंद झाले, खिसे गेले आणि हातात नखाएवढी पिशवी आली. आमच्याकडे कनवटी होती, चंची होती, पदराची गाठ होती. शिवलेला खिसा पुरुषाचा. तिने खिशातून आधीचा माल काढून फळीवर ठेवला: मोबाइल, मिश्रीची पुडी, उसाच्या खेपांची चिठ्ठी, एक पेन.

"पेन कशाला गं?" वडिलांनी विचारलं.

"मुकादम लिहितो, तसं म्या बी लिहिते. मागल्या साली चार खेपा कमी धरल्या त्यानं."

वडिलांनी शर्ट उलटा केला. खालच्या घेराच्या आत जास्तीची पट्टी होती, तिच्यातला तुकडा कापला, दुमडला, खिशावर धरून पाहिला. पेनापुरती कोपऱ्यात फट ठेवली. मग चष्मा पुसला.

"काज मशिनीवर मारू का हातानं करू?"

"टिकंल तसं करा," ती म्हणाली. "पण आज पायजे. रातच्याला गाडी हाय."

त्यांनी सुई दिव्याकडे धरली. दोरा तीनदा चुकला, म्हणून मी ओवून दिला.