बंगळूरचे चार कैदी आणि एक भूमिगत फिल्म

२६ जून १९७५. संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेलेल्या चार नेत्यांना तेथेच अटक झाली: अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि मधू दंडवते. दंडवते हे राजापूरचे खासदार. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा अस्तित्वात यायचा होता आणि मालवण याच मतदारसंघात मोडत असे. कोकण रेल्वेमुळे त्यांचे नाव या किनाऱ्यावर आजही घरोघर आहे. त्यांच्या बंदिवासाची आठवण मात्र कमी निघते, आणि त्याच काळात भूमिगत झालेल्या एका फिल्मची त्याहूनही कमी.

ती फिल्म आनंद पटवर्धन यांची.

१९५० साली मुंबईत जन्मलेले पटवर्धन १९७४ मध्ये बिहारमध्ये, जयप्रकाशांच्या आंदोलनात होते. उसना घेतलेला सुपर ८ कॅमेरा हे त्यांचे मुख्य साधन. घरगुती समारंभ टिपण्याच्या लायकीची ती फिल्म. म्हणून दृश्ये पडद्यावर टाकून १६ मिमी फिल्मवर पुन्हा चित्रित करावी लागली. चित्र भुरकट झाले, पण ‘क्रांति की तरंगें’ तयार झाला.

पुढे आणीबाणी आली. फिल्मचे तुकडे करून ते वेगवेगळ्या प्रवाशांबरोबर देशाबाहेर धाडले गेले. पटवर्धन कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात शिकण्यास गेले, तुकडे तेथे पुन्हा जोडले गेले आणि आणीबाणीविरोधी सभांतून फिल्म दाखवली गेली. याच अनुभवावर त्यांनी १९८१ मध्ये प्रबंध सादर केला. विषय होता गनिमी चित्रपट, भूमिगत आणि परागंदा. सिंधुदुर्ग किल्ला रोज पाहणाऱ्यांना ‘गनिमी’ हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७७ मध्ये कैदी सत्तेवर आले. दंडवते रेल्वेमंत्री झाले, अडवाणी माहिती व नभोवाणी मंत्री. एखाद्याने येथे विजयगाथा रचली असती. पटवर्धनांनी १९७८ मध्ये ‘ज़मीर के बंदी’ केला: राजकीय कैदी आणीबाणीपूर्वीही होते आणि ती उठल्यावरही आहेत, हे सांगणारा. आणीबाणीविरोधी आठवणींच्या गर्दीत ही फिल्म वेगळी पडते ती यामुळेच.

पटवर्धनांचा छळ कोठडीतला नव्हता. इराणच्या जाफर पनाहींवर २०१० मध्ये न्यायालयाने वीस वर्षे चित्रपट न करण्याची बंदी घातली. येथे तसे उघड काही झाले नाही. येथे होता अर्ज, नकार, तारीख, पुन्हा तारीख. ‘राम के नाम’ (१९९२) मध्ये अडवाणींची १९९० ची रथयात्रा आहे आणि तिला विरोध करणारे, न्यायालयाने नेमलेले पुजारी लालदासही आहेत. १९९३ मध्ये लालदासांची हत्या झाली. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनने ती दाखवण्यास नकार दिला. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. फिल्म आली तेव्हा दिल्लीत काँग्रेसचे सरकार होते, हेही नोंदवून ठेवावे. १९९५ च्या ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ साठी तर लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. प्रसारणाचा आदेश मिळाला २००६ मध्ये, अकरा वर्षांनी. समकालीन प्रश्नावरची फिल्म अकरा वर्षे अडवली की तिच्यावर वेगळी बंदी घालायला नको.

मधल्या काळात, १९९८ मध्ये, त्यांनी कारखानदारी पद्धतीच्या मासेमारी जहाजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या मच्छीमारांवर फिल्म केली. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध झगडणाऱ्या मालवणच्या रापणकरांना तिचा विषय परका वाटणार नाही.

अणुचाचण्यांवरील ‘जंग और अमन’ (२००२) मध्ये परिनिरीक्षण मंडळाने २१ ठिकाणी कात्री लावण्यास सांगितले. राजकीय नेत्यांची भाषणेही वगळायची होती, पंतप्रधानांसह. पंतप्रधान होते वाजपेयी: १९७५ मध्ये बंगळुरात पकडलेल्या त्या चौघांपैकी एक. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने फिल्म एकही काप न घेता मोकळी केली.

२०२३ मध्ये पटवर्धनांनी कॅमेरा घरात वळवला. ‘वसुधैव कुटुंबकम्’ मध्ये वृद्ध आईवडील आहेत, आणि काका रावसाहेब व अच्युतराव. हेच ते अच्युतराव पटवर्धन, जे १९४२ मध्ये भूमिगत झाले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.