दुभाषी

धाकटा चिरंजीव बंगळूरला एका बँकेच्या मोठ्या संगणकावर काम करतो. गणपतीला आला तेव्हा मी सहज विचारलं, "अरे, ते यंत्र तुमचं ऐकतं तरी कोणत्या भाषेत?" भाषा पुष्कळ असतात म्हणे; पण मी पडलो गणिताचा मास्तर, म्हणून त्यानं माझ्यासाठी 'रेक्स' निवडली. आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी १९७९ साली मेनफ्रेमसाठी ती रचायला घेतली आणि १९८३ मध्ये ती गिऱ्हाइकांच्या हाती आली. त्यानं लॅपटॉपवर 'से' लिहून पुढं ०.१ अधिक ०.२ मांडलं. उत्तर स्वच्छ ०.३! इतर कित्येक भाषांत शेवटी एक चुकार ४ उगवतो, कारण आतला हिशेब द्विमान पद्धतीनं चालतो. रेक्स आपल्या फळ्यावरल्यासारखी दशमानातच गणित करते. मला ती तिथंच आवडली.

काही भाषांत सगळा मजकूर आधीच यंत्राच्या बोलीत उतरवून घेतात. इथं दुभाषी शेजारी बसल्यागत एकेक ओळ वाचायची, अर्थ लावायचा, काम करायचं, मग पुढची.

"आणि ओळ कळलीच नाही तर?"

"थांबतो, बाबा. ओळीचा नंबर सांगून थांबतो."

मला १९८० सालची एक कचेरी आठवली. वडील गेल्यावर जमिनीची नोटीस आली होती, कन्नडमधून. आईचं कन्नड बाजारापुरतं. मी अकरा वर्षांचा, गल्लीत खेळून शिकलेला, म्हणून तिचा दुभाषी मी. कारकून बोलत गेला, मी सांगत गेलो. मधेच एक लांबलचक वाक्य आलं. त्यातलं 'मूवत्तु दिन', म्हणजे तीस दिवस, एवढं कळलं; पुढचं 'आक्षेपणे' डोक्यावरून गेलं. पुन्हा विचारायची लाज वाटली.

"काय म्हणतात रे?" आईनं विचारलं.

"काही नाही, सही कर."

हरकत नोंदवायची मुदत होती ती. ओढ्याकडचा अर्धा एकर गेला. आई त्यावरून मला कधी एका शब्दानं बोलली नाही. कारकुनाला तरी काय बोल लावणार? त्यानं सांगितलं होतं.

संध्याकाळी आई आमच्याजवळ येऊन बसली. आता ऐंशी ओलांडलीय. मी मुलाला एक ओळ मुद्दाम चुकवायला लावली. यंत्र थांबलं, ओळ दाखवली.

"काय म्हणतंय ते?"

"कळलं नाही म्हणतंय, आई."

"मग नीट सांगा की त्याला परत," ती म्हणाली आणि वाती वळायला लागली.