मैत्रिणीचा सिनेमा आणि माझा अर्ज

आपल्या वस्तीत मुलीने नर्स व्हायचे म्हटले, शिक्षिका व्हायचे म्हटले, अगदी पोलीस भरतीला उतरायचे म्हटले तरी घरचे लोक चार जणांना कौतुकाने सांगतात. पण "मला अभिनय करायचा आहे" असे म्हटले की घरात एकदम शांतता पसरते. मग आई विचारते, "आणि खाणार काय?" शेजारची काकू विचारते, "तमाशात जाणार का गं?" (तमाशाला नावे ठेवणाऱ्यांनी विठाबाई नारायणगावकरांचे आयुष्य एकदा वाचावे, पण तो विषय वेगळा.) या दोन प्रश्नांना उत्तरे देण्यातच कॉलेजनंतरची माझी बरीचशी वर्षे गेली.

मला हा नाद लागला तो एकटीला नाही. २०१४ साली, अकरावीत असताना, मी आणि माझी मैत्रीण 'फँड्री' पाहायला गेलो होतो. जब्याचे काम करणारा सोमनाथ अवघडे हा सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावचा मुलगा. तो हलगी वाजवत असताना नागराज मंजुळे यांच्या नजरेस पडला. त्याने त्याआधी कॅमेरा पाहिलाही नसेल. डुक्कर खांद्यावर टांगून शाळेच्या भिंतीवरून ती माणसे जातात आणि भिंतीवर बाबासाहेब, फुले, सावित्रीबाई आहेत, हे दृश्य आले तेव्हा आमच्या रांगेत कुणी हलले नाही. बाहेर आल्यावर मैत्रीण बराच वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "आपल्यासारख्या घरातल्या माणसाने काढलाय. म्हणजे काढता येतो."

पुढे कॉलेजात आम्ही प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका बसवली. मी रंगमंचावर, ती खाली वही घेऊन. "तू कर, मी बघते," हे तिचे तेव्हापासूनचे वाक्य. शिक्षण संपल्यावर ती लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका स्टुडिओत लागली आणि मी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर. सकाळी नऊ ते रात्री आठ.

सुट्टी मिळेल त्या दिवशी मी ऑडिशनला जायची. चेंबूरहून बसने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, पुढे शेअर रिक्षाने आराम नगर. नाव ऐकून वाटते तसे तिथे काही नव्हते. जुनी बैठी घरे, आणि त्या घरांत ऑडिशनच्या खोल्या. दाराबाहेर चाळीस-पन्नास पोरेपोरी उभी. आत गेले की कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावीकडे वळायचे, उजवीकडे वळायचे, दोन्ही हात पुढे करून दाखवायचे. याला 'इंट्रो' म्हणतात. त्यानंतर दोन वाक्ये. माझ्या वाट्याला आलेली वाक्ये बहुतेक वेळा "जी मॅडम" आणि "साहेब आले" अशीच असायची. एकदा आतल्या माणसाने माझ्यासमोरच दुसऱ्याला सांगितले, "हिचा चेहरा कामवालीचा आहे, राहू दे." माझ्या दोन मावश्या घरकाम करतात. त्यांच्यासारखी दिसते म्हटल्याने मला कमीपणा आला नाही. राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. माझी थोरली मावशी तोंड उघडते तेव्हा चाळ ऐकते, आणि मालिकेत तिच्यासारख्या बाईला दोन शब्द! तिला घर नाही, लेकरू नाही, दुखणे नाही. ती फक्त ट्रे घेऊन येते आणि जाते.

अशी पाच कामे मिळाली. पैसे नव्वद दिवसांनी, तेही को-ऑर्डिनेटरचे कमिशन कापून. २०२३ च्या पावसाळ्यात मी जाणे बंद केले.

आता घरचे सांगते. आमचे अण्णा पालिकेत सफाई कामगार. आम्ही राहतो ती खोली त्यांच्या नोकरीबरोबर मिळालेली. ज्यांचे कुणी या खात्यात आहे त्यांना पुढचे सांगायला नको. माणूस निवृत्त झाला की खोली सोडायची वेळ येते, आणि घरातला कुणी वारस कामाला लागला तरच ती राहते, असे आमच्या वसाहतीत चालत आले आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळण्याची सोय आहे. भाऊ अजून बारावीत. त्याला इंजिनिअरिंगला जायचे आहे आणि त्याने जावे असे आम्हा सर्वांनाच वाटते. म्हणजे उरले कोण? मी.

गंमत अशी की अण्णांचाच याला विरोध. "तुला शिकवली ती झाडू धरायला नाही," एवढेच ते बोलत. आई रडायची. मी दोघांपुढे अर्ज ठेवायची आणि तो पुन्हा कपाटात जायचा. माझ्याही मनात एक गोष्ट होती, ती मी कुणाला बोलले नव्हते. या अर्जावर सही केली की अभिनयाचे दार बंद झाले, असे मी धरून चालले होते.

या सगळ्या ओढाताणीत, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, मैत्रिणीने आपला सिनेमा वस्तीच्या बुद्धविहारात दाखवला.

तो तिने तीन वर्षांत काढला. लग्नसराई नसेल तेव्हा, कॅमेरा दोन दिवस भाड्याने घेऊन. दोन एलईडी दिवे, उजेड परतवायला थर्माकोलचे पांढरे तुकडे, कॉलरला लावायचा माइक. भिशी उचलली, स्टुडिओच्या मालकाकडून उचल घेतली. रात्री काम संपल्यावर तिथल्याच कॉम्प्युटरवर एडिटिंग. दोन महोत्सवांनी तो परत पाठवला, एका ठिकाणी निवडला गेला. अडुसष्ट मिनिटांचा सिनेमा. त्यातली मुख्य भूमिका तिच्या सख्ख्या मावशीने केली आहे. ही मावशी चार घरची धुणीभांडी करते. दुपारी दोनला मोकळी व्हायची आणि तीनला कॅमेऱ्यापुढे बसायची.

गोष्ट साधी. एका बाईचा रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही. भांडी घासून, साबणात हात घालून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. दुकानदार वाईट माणूस नाही. तो दहाही बोटे लावून बघतो, पदराने पुसायला सांगतो. मोबाईलवर नंबर मागवावा तर कार्डाला जोडलेला मोबाईल मुलाचा, आणि मुलगा सुरतेला. महिनाअखेर जवळ येत चालली आहे. बस्स, एवढेच.

विहारात पांढरी चादर बांधली होती, प्रोजेक्टर एका समाजबांधवाच्या क्लासमधून आणलेला. पुढे पोरे, मागे बाया, दाराशी माणसे. पहिल्या दहा मिनिटांत पोरांनी दंगा केला. मग दुकानाचे दृश्य आले आणि मागून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "माझं पण असंच झालं होतं की!" त्यावर तीन-चार जणी बोलू लागल्या. सिनेमा चालू, आणि या आपले अनुभव सांगताहेत. मैत्रीण चादरीच्या बाजूला उभी होती. तिने कुणालाही गप्प बसवले नाही.

मध्यावर एक प्रसंग आहे. रात्र झालेली, सगळे झोपलेले. बाई मोरीत बसून अंगठ्यावर लिंबू चोळते. मग दिव्यापाशी येऊन अंगठा उजेडात धरते आणि बघते. बोलत नाही, रडत नाही. संगीतही नाही, लांबून गाडीचा आवाज येतो तेवढाच. मला अभिनयाच्या शिबिरात डोळ्यांत पाणी आणायला शिकवले होते आणि मला ते जमतेही. ही बाई डोळ्यांत पाणी न आणता बसली होती आणि माझा घसा दाटून आला. ती नुसती बघत होती, खरोखर बघत होती. नाटक-सिनेमातली निम्मी माणसे बघण्याचे सोंग करतात, हे मला त्या क्षणी इतके स्वच्छ दिसले की अंगावर काटा आला.

नंतर मी मैत्रिणीला विचारले, "मावशीला काय सांगितलं होतंस?" ती म्हणाली, "सांगितलं, रेषा मोज." मावशी रेषा मोजत होती! भांडी घासण्याच्या दृश्याची हकिकत तर आणखी मजेची. मावशी प्रत्येक वेळी भांडी खरोखरच लख्ख घासून ठेवायची. पुन्हा शूटिंग करायचे तर भांडी पहिल्यासारखी खरकटी दिसायला हवीत. म्हणून मैत्रीण पीठ आणि हळद कालवून तीच भांडी परत माखायची. सातव्या वेळी मावशी उखडली, "अगं सटवे, धुतलेलं भांडं किती वेळा घाण करशील?" तो राग तिने सिनेमात तसाच ठेवला आहे आणि तो फार शोभून दिसतो.

सिनेमात सगळेच चांगले आहे असे नाही. शेवटाकडे आवाज खराब आहे; बाहेर मांडवात लाऊडस्पीकर लागला होता, ते ऐकू येते. मुलगा सुरतेहून येतो तेव्हा तो एक भाषण करतो, ते निम्मे कापायला हवे होते. मैत्रिणीला मी हे सांगितले. तिला पटले नाही.

अण्णा दाराशी, चपलांजवळ बसले होते. सिनेमा संपल्यावर टाळ्या झाल्या, मावशीला पुढे बोलावून फूल दिले. अण्णा तोवर निघून गेले होते. घरी आले तर ते बल्बखाली बसून आपला अंगठा बघत होते. मला बघून हात खाली घेतला आणि म्हणाले, "ती बाई खोटं करत नव्हती." माझ्या कुठल्याच नाटकाविषयी, मालिकेतल्या कामाविषयी ते आजवर एक शब्द बोलले नव्हते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. स्टुडिओत राबणाऱ्या मैत्रिणीने सिनेमा काढला. चार घरची भांडी घासून मावशीने त्यात काम केले. सफाई कामगाराची पाळी पहाटे सुरू होते आणि दुपारी सुटते. लॅबच्या काउंटरवर मला ना सकाळ मिळते ना संध्याकाळ. नोकरी लागली तर दुपार माझी, खोली आमची, भावाचे कॉलेज चालू.

हे वाचून काही वाचक रागावतील. घाणीची कामे सोडा असे आपल्याला सांगितले गेले, आणि ही शिकलेली पोरगी तिकडेच निघाली, असे म्हणतील. अण्णांचेही तेच म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. माझे म्हणणे एवढेच की मुंबईत चार माणसांना राहायला खोली कुठे आहे ते आधी सांगा.

मैत्रिणीने मला पी. के. रोझीची हकिकत सांगितली. केरळातली ही दलित बाई, गवत कापून पोट भरायची आणि लोकनाट्यात काम करायची. १९३० च्या सुमारास मल्याळममधल्या पहिल्या मूकपटात, 'विगतकुमारन'मध्ये, ती नायिका झाली. तिने उच्च जातीच्या बाईची भूमिका केली म्हणून त्रिवेंद्रमला प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. तिला गाव सोडून पळावे लागले आणि ती पुन्हा कधी पडद्यावर आली नाही. त्या चित्रपटाची प्रतही आज शिल्लक नाही. २०२३ साली गूगलने आपल्या पानावर तिचे चित्र काढले तेव्हा अनेकांना तिचे नाव कळले.

तिच्या मानाने आपले दिवस बरे म्हणायचे. नागपूरचे वीरा साथीदार हे काही व्यावसायिक नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. त्यांनी 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूवरून त्या शाहिरावर खटला चालतो. २०१४ साली या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला, पुढे राष्ट्रीय पुरस्कारही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने साथीदार गेले. त्यांचे पडद्यावरचे चालणे पुन्हा बघा. घाईत नसलेला, पण थांबणारही नाही असा तो माणूस आहे.

ज्या घरांत पोराला किंवा पोरीला हा नाद आहे त्यांच्यासाठी एक सांगते. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कार्ड काढून देतो, नाव नोंदवून देतो म्हणून कुणी पाच-दहा हजार मागितले तर उठून यावे. मुलगी असेल तर सोबत कुणीतरी जावे; माझ्याबरोबर पहिल्या वर्षी भाऊ यायचा, शाळेचा अभ्यास घेऊन.

अर्जावर मी सही केली. कागदपत्रे तपासणीत आहेत. आई अजून नीट बोलत नाही, ताट वाढते आणि बाजूला बसते. अण्णांनी मात्र एक दिवस आपणहून हजेरी चौकी कुठे आहे, मुकादम कसा आहे, पावसात बूट कोणते घालायचे ते सांगितले.

मैत्रिणीने दुसरी गोष्ट लिहायला घेतली आहे. त्यात मला काम दे, असे मी स्पष्ट मागितले. तिने हो म्हटले नाही. "तू फार करतेस," म्हणाली. दर रविवारी आम्ही वाचनाला बसतो. मागच्या खेपेला तिने एकच वाक्य माझ्याकडून नऊ वेळा म्हणून घेतले आणि वैतागून चहा ठेवायला सांगितला. दूध उतू जाते की काय म्हणून मी पातेल्याकडे बघत होते, तेवढ्यात तिने आतूनच ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले. मी म्हटले. "हं," ती म्हणाली, "आता लिहून घेते."