रतनगडाच्या रानात

आई, तू हे वाचशीलच, म्हणून आधीच कबूल करते. त्या एप्रिलातल्या शनिवारी मी ऑफिसच्या ग्रुपबरोबर नव्हते. एकटीच रतनवाडीला गेले होते. बाबा गेल्यापासून सतत कुणी ना कुणी सोबत होतं, आणि मला जरा कुणीच नको होतं.

अमृतेश्वराच्या देवळापासून वाट निघते. प्रवरेचं पात्र ओलांडत ओलांडत (उन्हाळ्यात नुसते दगड!) गच्च रानात शिरते. हिरडा, जांभूळ, कारवी. 1986 पासून हे अभयारण्य आहे, झाडं मात्र त्याच्या कितीतरी आधीची. भर दुपारीही अंधारल्यासारखं वाटतं.

कात्राबाईच्या खिंडीकडे जाणारा फाटा चुकून धरला आणि अर्धा तास चालत राहिले. मोबाईलला रेंज नाही. घाबरले. तोंडातून हाक निघाली ती "बाबा!" अशीच.

ओ दिली हिरडे गोळा करणाऱ्या एका आजींनी. "एकलीच का गं?" एवढंच विचारून फाट्यापर्यंत आणून सोडलं.

लोखंडी शिडीवर पाय लटपटत होते. वर पोचून भंडारदऱ्याचं पाणी बघत पोटभर रडले. मग तुझ्या दशम्या खाल्ल्या. ग्रुपसाठी दिलेल्या, सगळ्या.