न्यू इंग्लंडचें रान आणि हलकी बंदूक

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील सहा राज्यांस मिळून न्यू इंग्लंड म्हणतात. बॉस्टन व त्याच्या आसपासच्या गांवांतून आतां मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. आणि ऑक्टोबर महिना लागला कीं घरीं आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्यांस मोटारींत बसवून पानांचे रंग दाखविण्यास नेणें हा तेथील आपल्या मंडळींचा जणूं कुलाचारच होऊन बसला आहे. मेपलचीं झाडें तांबडीं होतात, बर्चचीं पिवळीं, आणि डोंगरच्या डोंगर रंगपंचमी खेळल्यासारखे दिसतात. परंतु मोटारीच्या खिडकींतून दिसतें तें या रानाचें केवळ बाह्यांग होय. रस्ता सोडून शंभर पावलें आंत शिरल्यावांचून या भूमीची खरी हकीकत कळत नाहीं. न्यू हॅम्पशायर राज्यांत पुतण्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां ती हकीकत मला एका बंदुकीच्या निमित्तानें कळली. ती वाचकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

रानांत शिरतांच पहिलें नवल दिसतें तें दगडी बांधांचें. जेथें वस्तीची कसलीच खूण नाहीं अशा दाट झाडींतून कमरेएवढे बांध सरळ रेषेंत डोंगर चढून जातात. जंगलास कुंपण कोणी घातलें असेल, असा प्रश्न सहजच मनांत येतो. उत्तर असें कीं, कुंपण घातलें तेव्हां तेथें जंगलच नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या डोंगरांवरील झाडी शेतकऱ्यांनीं तोडलेली होती. १८११ च्या सुमारास विल्यम जार्व्हिस नांवाच्या गृहस्थानें शेजारच्या व्हरमाँटमध्यें मेरिनो जातीचीं मेंढरें आणलीं, आणि पुढें तीस-चाळीस वर्षें लोकरीच्या धंद्यानें हे डोंगर कुरणांनीं भरून गेले. जमीन मात्र दगडाळ. हिवाळ्यांत ती गोठून फुगते आणि दर वसंतांत नवे दगड वर येतात. शेतकऱ्यानें ते वेंचावे व बांधावर टाकावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. १८२५ मध्यें ईरी कालवा खुला झाला, मागाहून आगगाडी आली, आणि ओहायोकडील सुपीक जमीन लोकांस खुणावूं लागली. लोकरीचा भाव पडला. तरुण मंडळी पश्चिमेस किंवा गिरण्यांच्या गांवीं गेली, म्हातारे मागें राहिले, आणि त्यांच्यामागें शेतें ओस पडलीं. मुंबईकर झालेल्या कोंकणी घरांचीं बंद दारें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस याहून अधिक सांगावयास नको. आज न्यू हॅम्पशायरचा चार पंचमांशाहून अधिक भाग पुन्हां जंगलाखालीं आहे.

ओस शेतांत प्रथम झुडपें वाढलीं, मग बर्च व अ‍ॅस्पेन. परसांतलीं सफरचंदाचीं झाडें रानटी होऊन तशींच फळत राहिलीं. या अर्ध्या वाढलेल्या रानांत ‘रफ्ड ग्राउस’ नांवाच्या पक्ष्यास घर मिळालें. हा कोंबडीच्या कुळांतला, आपल्या तित्तराचा दूरचा भाऊबंद. अंगानें मात्र त्याहून मोठा, अर्ध्या ते पाऊण किलो वजनाचा. गळ्याशीं काळ्या पिसांची झालर असते, तीवरूनच त्याचें नांव पडलें. वसंतांत नर पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंख इतक्या वेगानें हालवितो कीं दूर कोठें ढोल घुमत आहे असें वाटावें. हिवाळ्यांत त्याच्या बोटांच्या कडांस कंगव्यासारखे दांते फुटतात, व त्यांच्या आधारानें तो भुसभुशीत बर्फावरून चालतो. ओलसर सखल जागीं याचा सोबती म्हणजे ‘वुडकॉक’. लांब चोंच जमिनींत खुपसून गांडुळें काढणारा, आणि डोळे डोक्याच्या इतके मागें असलेला कीं पाठीमागचेंही त्यास दिसतें.

बदकांचा शिकारी पाण्याकांठीं एका जागीं दबून बसतो. त्याची बंदूक जड असली तरी चालते. ग्राउसच्या शिकाऱ्यास दिवसभर बांध ओलांडीत, काटे चुकवीत चालावें लागतें, आणि बंदूक खांद्यावर न टाकतां दोन्ही हातांत सज्ज ठेवावी लागते. पक्षी पंधरा-वीस पावलांवरून पंखांचा गडगडाट करीत एकाएकीं उठतो व दोन क्षणांत झाडाआड होतो. दिवसांत चार-पांच बार उडाले तर पुष्कळ. म्हणजे बंदूक उडवावयाची चार वेळां, आणि वाहावयाची हजारों पावलें. या रानांत हलक्या बंदुकीचें महत्त्व आहे तें यामुळें.

पुतण्याच्या शेजारीं एक निवृत्त गणितशिक्षक राहतात. वय चौऱ्याहत्तर, पत्नी वारलेली, मुलगी दूर कॅलिफोर्नियांत, घरांत हे आणि नऊ वर्षांची एक सेटर जातीची कुत्री. वडिलांची बारा बोरची दुनळी बंदूक त्यांनीं पन्नास वर्षें वापरली. तिचें वजन साडेसात रत्तल, म्हणजे सुमारें ३ किलो ४०० ग्रॅम. आदल्या वर्षीं त्यांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनीं रानांत जाण्यास हरकत घेतली नाहीं; पण ती बंदूक व तिचा धक्का नको, असें बजावलें. “बंदूक सुटली तर रान सुटेल,” ते म्हणाले, “आणि रान सुटलें तर ही कुत्री व मी शेगडीपाशीं बसून एकमेकांकडे पाहत राहूं.” कुत्रीचे तर दोन-तीनच हंगाम उरले होते.

पुतण्या मला म्हणाला, “काका, ते नवी बंदूक पाहायला जाणार आहेत. तुम्ही येतां का बरोबर?” आमच्या घरीं मांसाशन नाहीं, आणि दसऱ्याच्या शस्त्रपूजेंत विळी, अडकित्ता व आजोबांचा चाकू यांपलीकडे कांहीं मांडलेलें मीं पाहिलें नाहीं. तरीही एक गणिताचे मास्तर आपल्या उरलेल्या वर्षांचा हिशेब कसा करतात हें पाहावेंसें वाटलें, व मी गेलों.

पहिला प्रश्न बोराचा. एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्यांत बरोबर बसेल ती नळी बारा बोरची. वीस केल्या तर वीस बोरची. म्हणून आंकडा वाढतो तशी नळी लहान होते: बारा बोरची साडेअठरा मिलिमीटर, विसाची साडेपंधराहून किंचित् अधिक, अठ्ठाविसाची चौदा. नळी लहान म्हणजे बंदूक हलकी. परंतु एका काडतुसांतले छरेही कमी.

दुकानदारानें प्रथम बारा बोरचीच एक बंदूक पुढें केली. तिचा मधला सांगाडा पोलादाऐवजीं अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, व वजन अवघें २ किलो ७०० ग्रॅम. हातांत घेतां ती काठीसारखी हलकी वाटली. मास्तरांनीं खिशांतून कागद काढला. बर्मिंगहॅमचा प्रसिद्ध बंदूककार ग्रीनर याच्या नांवानें एक जुना नियम सांगतात: बंदुकीचें वजन छऱ्यांच्या वजनाच्या निदान ९६ पट असावें, म्हणजे धक्का सोसवतो. बारा बोरच्या नेहमींच्या काडतुसांत छरे ३२ ग्रॅम. त्याचे ९६ पट तीन किलोंच्या वर जातात. शिवाय तेंच काडतूस ३,४०० ऐवजीं २,७०० ग्रॅमच्या बंदुकींतून उडविलें तर धक्क्याची शक्ति सुमारें सव्वापट होते. “हातास जें वांचवितों तें खांद्याकडून वसूल होतें,” असें म्हणून त्यांनीं ती परत ठेविली.

मग अठ्ठावीस बोरची एक नाजूक बंदूक निघाली. धक्का नांवालाच; पण काडतुसांत छरे अवघे २१ ग्रॅम, आणि त्यांचा बार पडतो विरळ. विरळ बारांतून पक्षी मरत नाहीं. जखमी होऊन झुडपांत शिरतो व रात्रीं कोठें तरी मरून पडतो. मास्तर म्हणाले कीं, निष्णात हाताला ही शोभते. दुखऱ्या खांद्याच्या माणसानें पक्ष्याच्या जिवावर असा डाव खेळूं नये.

दुसरीही एक अडचण त्यांनीं मला समजावून दिली. अति हलकी बंदूक चटकन् उठते, पण तितक्याच चटकन् थांबते. उडत्या पक्ष्यापुढें नळी वाहत राहावयास हवी. चाप ओढतांना ती थबकली कीं बार मागें पडतो. हें वाहतेपण देण्यास नळ्यांकडे थोडा भार असावा लागतो. म्हणून हलकी बंदूक घेणाऱ्यानें नळ्या अगदीं आंखूड घेऊं नयेत.

अखेर निवड झाली ती वीस बोरच्या दुनळीची. सांगाडा पोलादाचा, नळ्या २८ इंची, वजन २ किलो ८०० ग्रॅम. काडतुसांत छरे २५ ग्रॅम. ग्रीनरच्या हिशेबानें २ किलो ४०० ग्रॅम पुरते, म्हणजे खांद्यासाठीं ४०० ग्रॅमांची शिल्लक. आपोआप भरणारी एकनळी बंदूक धक्का पुष्कळ गिळते, असें दुकानदारानें सुचविलें. परंतु येथें दर शे-दोनशें पावलांवर दगडी बांध ओलांडावा लागतो. दुनळी बंदूक मधोमध मोडून काडतुसें काढलीं कीं ती रिकामी असल्याचें सोबत्यासही दिसतें, हें मास्तरांचें उत्तर होतें. पहिली नळी तोंडाशीं मुळींच आवळलेली नव्हती, दुसरी किंचित्. पूर्ण आवळलेली नळी ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळांत सुमारें ७० टक्के छरे घालते, मोकळी सुमारें ४० टक्के. पण वीस यार्डांवर आवळलेल्या नळीचा बार मुठीसारखा जातो, तो एक तर चुकतो, नाहीं तर पक्ष्याच्या चिंध्या करतो. जाड कोटावरून खांद्याशीं नीट यावा म्हणून दस्ता जरा आंखूड करविला व त्यास रबरी गादी बसविली.

घरीं येतांच त्यांनीं जुन्या कोटाचे सर्व खिसे झाडून बारा बोरचें एकूणएक काडतूस बाहेर काढलें. कारण विचारतां कळलें कीं, वीस बोरचें काडतूस चुकून बारा बोरच्या नळींत पडलें तर तें घसरून पुढें अडकतें. आणि मागून बारा बोरचें भरून उडविलें तर नळी फुटते. याच भीतीनें वीस बोरचीं काडतुसें पिवळीं करण्याचा प्रघात आहे. नंतर त्यांनीं मोठ्या कागदावर नेमाचे बार उडवून छऱ्यांचीं भोकें मोजलीं, आणि आपली मर्यादा ठरविली: तीस यार्ड.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यांत आम्ही नारिंगी अंगरखे घालून त्यांच्याबरोबर रानांत गेलों. कुत्रीच्या गळ्यांत घंटा होती. ती वाजायची थांबली कीं समजावें, वास लागला. पहिला पक्षी दूर उठला. बंदूक अर्धी वर आली व खालीं गेली. दुसरा झाडाआडून गेला, तिसऱ्याच्या वेळीं पुतण्या रेषेंत होता. दोन्ही वेळां बार झाला नाहीं. एका मोडक्या सफरचंदाच्या बागेंत चौथा उठला. एकच बार झाला, आणि कुत्रीनें पक्षी हळूच आणून दिला. तो माझ्या हातांत ठेवला तेव्हां ऊन होता. त्या उबेनें मला बरें वाटलें नाहीं, हें लिहिणें प्राप्त आहे. मास्तरही हंसले नाहींत. त्यांनीं त्याची अन्नपिशवी उघडून दाखविली: सफरचंदाचे तुकडे, अ‍ॅस्पेनच्या कळ्या, क्लोव्हरचीं पानें. कायद्यानें दिवसास चार पक्षी मारतां येतात. त्यांनीं एकावर बंदूक मोडली व उरलेला दिवस रिकाम्या बंदुकीनें कुत्रीमागें हिंडण्यांत घालविला. परततांना म्हणाले, “पाय थकले, खांदा नाहीं. हिशेब जमला.”

हा संयम त्या देशास फुकट मिळालेला नाहीं. याच भागांत ‘हीथ हेन’ नांवाची एक रानकोंबडी एके काळीं विपुल होती. शिकारीनें व वस्तीनें ती मार्थाज व्हिनयार्ड या एका बेटापुरती उरली. १९०८ मध्यें तिच्यासाठीं राखीव रान केलें. १९१६ मध्यें तेथें वणवा लागला. शेवटचा एकटा नर १९३२ च्या मार्चमध्यें दिसला, पुन्हां दिसला नाहीं. १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्यप्राण्यांच्या रक्षणाकडे लावलें. आतां निराळेंच संकट आहे: ओस शेतांतलें तरुण रान म्हातारें होत चाललें आहे, आणि ग्राउसला लागणारी दाट कोंवळी झाडी कमी होत आहे. ती टिकविण्यास जागोजाग थोडें रान तोडून पुन्हां वाढूं द्यावें लागतें.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं तित्तर-लाव्यांची शिकार बंद झाली, आणि आपल्या दाट वस्तीच्या देशांत तें योग्यच झालें. तरी केवळ बंदूक खालीं ठेवल्यानें पक्षी राहतो, असेंही नाहीं. बंदी असूनही माळढोक महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला, कारण त्याचा माळच उरला नाहीं. मारणारा असो वा न मारणारा असो, पक्ष्यास प्रथम त्याचें रान लागतें.

असो. ज्या वाचकांचीं मुलें-नातवंडें तिकडे आहेत, त्यांनीं ऑक्टोबरांत गेल्यास मोटार थांबवून एखादा दगडी बांध अवश्य ओलांडून पाहावा. शिकारीचा हंगाम असतो, म्हणून अंगांत नारिंगी वस्त्र असावें. आणि दुरून घंटेचा आवाज येऊन एकाएकीं थांबला, तर आपणही क्षणभर स्तब्ध उभें राहावें.